टेक कंपन्यांनी स्वतःची दुकानं चालवावीत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर २०२५ मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कला ॲपलचं स्वतःचं दुकान उघडलं आणि तोवर मुंबई-दिल्लीपुरता वाटणारा हा विषय आपल्याकडच्या गप्पांत आला. मोबाईल, लॅपटॉप, इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या कंपनीने दुकानदारीही स्वतःच करावी, की ते काम दुकानदारावर सोपवावं? ग्राहक आणि दुकानदार दोघांकडूनही पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. जिथे माझं मत आहे, तिथे ते मत म्हणूनच लिहिलं आहे.

पाटीवर तर सगळीकडेच कंपनीचं नाव असतं. मग कंपनीचं स्वतःचं दुकान ओळखायचं कसं?

बिल बघा. बिलाच्या माथ्यावर विक्रेता म्हणून कुणाचं नाव आणि कुणाचा जीएसटी क्रमांक आहे, ते वाचलं की उलगडा होतो.

ज्या दुकानांना आपण 'कंपनीचं शोरूम' म्हणतो, त्यातली बहुतेक फ्रँचायझी असतात. पाटी, रंग, टेबलं, कर्मचाऱ्यांचे टी-शर्ट कंपनीच्या नियमाप्रमाणे, पण भांडवल, जागेचं भाडं आणि तोट्याची जोखीम स्थानिक व्यापाऱ्याची. सॅमसंग, एचपी, डेल यांची शहरोशहरीची बरीचशी दुकानं याच पद्धतीची आहेत. ॲपलची उत्पादनं विकणारी इमॅजिन, ॲप्ट्रॉनिक्स, युनिकॉर्न ही नावं म्हणजे अधिकृत विक्रेते. ती दुकानं ॲपलच्या मालकीची नाहीत. कंपनीने स्वतः भाडं भरून, स्वतःच्या पगारावर माणसं ठेवून चालवलेली मोबाईल-लॅपटॉपची दुकानं भारतात अगदी मोजकी.

याच्या उलटही घडतं. अनेक ब्रँड विकणाऱ्या साध्या मोबाईलच्या दुकानात जा. एका कंपनीचा टी-शर्ट घातलेला जो मुलगा उत्साहाने पुढे येतो, तो बहुतेक वेळा त्या दुकानाचा नोकर नसतो. तो कंपनीचा प्रमोटर. त्याचा पगार आणि इन्सेंटिव्ह कंपनीकडून येतो. तेव्हा 'मी न्यूट्रल सांगतो' असं तो म्हणाला तरी सल्ला कुणाचा आहे हे आपण लक्षात ठेवायचं.

थेट सांगा: कंपन्यांनी दुकानं चालवावीत की नाही?

चालवावीत, पण विक्रीनंतरची जबाबदारी त्याच छताखाली घ्यायची तयारी असेल तरच. दुरुस्ती, डेटा काढून देणं, वापर शिकवणं, चुकलेलं बिल दुरुस्त करणं, हे सगळं तिथेच होणार असेल तर कंपनीच्या दुकानाला अर्थ आहे. नुसती पेटी हातात द्यायची असेल तर ते काम आपले दुकानदार जास्त चांगलं करतात आणि कमी खर्चात करतात. खालची सगळी उत्तरं याच मुद्द्याभोवती आहेत.

ॲपलचं जमलं, मग बाकीच्यांचं का फसलं?

ॲपलने पहिली दोन दुकानं १९ मे २००१ रोजी अमेरिकेत उघडली, एक व्हर्जिनियातल्या टायसन्स कॉर्नरला आणि दुसरं कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेलला. त्या वेळी कंपनीची अवस्था काही फार मजबूत नव्हती. अनेक ब्रँड विकणाऱ्या मोठ्या दुकानांत मॅक, म्हणजे ॲपलचे संगणक, कुठल्या तरी कोपऱ्यात धूळ खात पडायचे आणि विक्रेत्यांना त्यांची माहिती नसायची. 'बिझनेसवीक' या अमेरिकी साप्ताहिकाने तर ही दुकानं का चालणार नाहीत, हे सांगणारा लेखच छापला होता.

तो अंदाज हवेतला नव्हता. गेटवे या संगणक कंपनीने १९९६ पासून स्वतःची दुकानं काढली होती, आणि त्या दुकानांत संगणक बघायचा, मागणी नोंदवायची आणि घरी परत जायचं. माल नंतर घरपोच यायचा. २००४ मध्ये गेटवेने उरलेली सगळी, म्हणजे १८८ दुकानं बंद केली. डेलने मॉलमधले आपले १४० स्टॉल २००८ मध्ये गुंडाळले. सोनीने २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ३१ पैकी २० दुकानांना कुलूप लावलं. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये सुरू केलेली साखळी जून २०२० मध्ये कायमची बंद केली. ॲमेझॉनने पुस्तकांची आणि इतर वस्तूंची मिळून ६८ दुकानं बंद करत असल्याचं मार्च २०२२ मध्ये सांगितलं.

म्हणजे पैसा, नाव आणि हुशार माणसं असूनही दुकान चालेलच असं नाही. मग फरक कशाचा?

माझ्या मते फरक एका काउंटरचा आहे. ॲपलच्या दुकानात पहिल्यापासून 'जीनियस बार' होता: मशीन बिघडलं की घेऊन या, समोर बसलेला माणूस बघेल. टार्गेट या साखळीतून आलेल्या रॉन जॉन्सन यांच्या हाताखाली ही दुकानं घडली. उत्पादनाप्रमाणे टेबलं मांडण्याचा आधीचा आराखडा त्यांनी मोडला आणि माणसं त्या यंत्राने काय करतात, फोटो, संगीत, व्हिडिओ, त्याप्रमाणे जागा आखली. दुसरं असं की यंत्र आणि त्यातली प्रणाली दोन्ही ॲपलचीच. त्यामुळे 'हा दोष आमचा नाही, त्यांच्याकडे जा' असं म्हणायची सोय काउंटरवरच्या माणसाला नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या दुकानात प्रणाली त्यांची, पण टेबलावरचे कितीतरी लॅपटॉप दुसऱ्या कंपन्यांचे. तेच लॅपटॉप शेजारच्या दुकानातही मिळायचे. मग मुद्दाम इथेच यायचं कशासाठी?

आणि सगळं श्रेय एका माणसाला देणाऱ्यांसाठी: हेच रॉन जॉन्सन २०११ च्या अखेरीस जेसीपेनी या कपड्यांच्या जुन्या साखळीचे प्रमुख झाले आणि एप्रिल २०१३ मध्ये त्यांना जावं लागलं. दुकान चकचकीत करण्याची कला दोन्हीकडे होती. ग्राहक परत परत दाराशी येईल असं कारण मात्र एकीकडेच होतं.

भारतात ॲपलला दुकान काढायला २०२३ का उजाडलं?

परकीय गुंतवणुकीच्या नियमांमुळे. एकाच ब्रँडचं दुकान परदेशी कंपनीला काढता यावं म्हणून २००६ मध्ये ५१ टक्के गुंतवणुकीला परवानगी मिळाली. २०१२ मध्ये ती १०० टक्क्यांवर गेली, पण ५१ च्या वर जायचं असेल तर विकल्या जाणाऱ्या मालाच्या किमतीच्या ३० टक्के खरेदी भारतातून करायची अट आली. तेव्हा आयफोन चीनमध्ये बनत होते, त्यामुळे ती अट पुरी करणं कंपनीला शक्य नव्हतं. २०१६ मध्ये काही वर्षांची सवलत जाहीर झाली. २०१९ मध्ये निर्यातीसाठी केलेली खरेदीही ३० टक्क्यांत धरायचं ठरलं आणि दुकानाआधी ऑनलाइन विक्री सुरू करायलाही मुभा मिळाली. दरम्यान २०१७ पासून आयफोनची जुळणी भारतात होऊ लागली होती.

पुढचा क्रम असा: सप्टेंबर २०२० मध्ये ऑनलाइन दुकान, १८ एप्रिल २०२३ ला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात पहिलं दुकान, दोनच दिवसांनी दिल्लीत साकेतला दुसरं. सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळुरूतलं हेब्बाळ आणि त्यापाठोपाठ पुणे. ही अट काहींना जाचक वाटते. मला ती योग्य वाटते, कारण नुसतं विकायला येणाऱ्या कंपनीला इथे काही बनवायलाही तिने भाग पाडलं.

असं दुकान चालवायला खर्च किती येतो?

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या दुकानाच्या भाडेकराराचे तपशील २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत आले होते. सुमारे २०,८०० चौरस फूट जागा, ११ वर्षांचा करार, महिन्याला किमान ४२ लाख रुपये भाडं, शिवाय पहिली तीन वर्षं विक्रीच्या २ टक्के वाटा. म्हणजे चौरस फुटाला महिना साधारण २०० रुपये. त्याच करारात २२ प्रतिस्पर्धी ब्रँडना आसपासच्या ठरावीक जागेत दुकान किंवा जाहिरात करता येणार नाही, असंही कलम होतं.

हे आकडे लहान कंपनीने नुसते वाचले तरी तिला आपला मार्ग कळेल. मॉलवाले ॲपलसाठी अटी वाकवतात, कारण त्या नावाने गर्दी येते आणि शेजारच्या गाळ्यांचं भाडं चढतं. नव्या ब्रँडला ही सवलत कुणी देत नाही. त्याने पूर्ण भाडं भरायचं, माणसं ठेवायची, आणि सोमवार ते गुरुवार रिकाम्या दुकानाचा एसीही चालवायचा.

कंपनीचं दुकान आलं की आपल्या स्थानिक दुकानदाराचं काय होतं?

या विषयात माझा जीव सगळ्यात जास्त इथे अडकतो, म्हणून थोडं सविस्तर.

तालुक्याच्या गावातलं मोबाईलचं दुकान संध्याकाळी सातला बघा. साठीच्या एक मावशी नवा फोन घेतात. किंमत ठरायला दहा मिनिटं लागतात आणि पुढचा पाऊण तास दुकानदार त्यांचा जुना फोन शेजारी ठेवून बसतो. व्हॉट्सॲपचा बॅकअप, मुलीच्या लग्नाचे फोटो, गॅसच्या नोंदणीचा नंबर, सगळं नव्या फोनमध्ये आणतो. अक्षरं मोठी करतो. टेम्पर्ड ग्लास लावतो. मध्येच हप्त्याच्या कागदांसाठी आधार आणि पासबुकाचे फोटो काढतो, ओटीपी मावशींकडून वाचून घेतो. 'काही अडलं तर या', असं म्हणतो आणि त्या खरंच येतात, पुढच्या आठवड्यात दोनदा. या कामाचे वेगळे पैसे त्याला कुणी देत नाही. ते त्याच्या मार्जिनमधून जातं, आणि ते मार्जिन आधीच बारीक आहे.

कंपनी स्वतः दुकान काढते तेव्हा ती या माणसाची पुरवठादारही असते आणि प्रतिस्पर्धीही. नव्या मॉडेलचा माल आधी कुणाला द्यायचा हे तिच्या हातात. बँकेच्या कार्डावरची सूट कुठे लागू करायची हेही तिच्याच हातात. ऑनलाइन विक्रीत हा अनुभव दुकानदारांनी वर्षानुवर्षं घेतला आहे: गाजलेलं मॉडेल आधी वेबसाइटवर, काउंटरवर येतं ते मागणी ओसरल्यावर. दुकानदाराच्या गळ्यात उरतो तो डेड स्टॉक. २०२४ मध्ये दक्षिणेतल्या संघटित विक्रेत्यांच्या संघटनेने कमी मार्जिन आणि रखडलेल्या वॉरंटीच्या दाव्यांची तक्रार करून १ मेपासून वनप्लसची विक्री थांबवायचं जाहीर केलं, त्यात महाराष्ट्रातली दुकानंही होती. त्याच वर्षी भारतीय स्पर्धा आयोगाच्या तपासात ठरावीक वेबसाइटवरच होणाऱ्या एक्सक्लुझिव्ह लाँचवर बोट ठेवलं गेलं.

मला कंपनीने दुकान काढण्याला हरकत नाही. हरकत आहे ती दुजाभावाला. एकाच दिवशी माल, एकच किंमत, एकच ऑफर, आणि वॉरंटीचा परतावा ठरलेल्या मुदतीत. एवढं पाळलं तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीतला दुकानदार कंपनीच्या शोरूमला घाबरणार नाही. त्याचं गिऱ्हाईक त्याला नावानिशी ओळखतं.

शाओमीसारख्या ऑनलाइन कंपन्यांनीही दुकानं का काढली?

कारण सगळा देश फ्लॅश सेलमध्ये, म्हणजे थोडाच वेळ चालणाऱ्या ऑनलाइन विक्रीत, फोन घेत नाही. शाओमी २०१४ मध्ये फ्लिपकार्टवरून भारतात आली, २०१७ मध्ये बंगळुरूत तिने 'मी होम' नावाचं पहिलं दुकान उघडलं आणि २०१८ मध्ये लहान गावांकडे वळली. तिथली दुकानं स्थानिक भागीदारांच्या भांडवलावर होती. हातात घेऊन, वजन जोखून, कॅमेरा लावून बघितल्याशिवाय दहा-पंधरा हजार खर्च न करणारा ग्राहक हीच इथली मोठी बाजारपेठ, हे त्या कंपनीला तीन वर्षांत उमगलं.

काही इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांनी डीलरच ठेवले नाहीत. ते योग्य आहे का?

कल्पना वाईट नाही. मधला वाटा वाचतो, किंमत सगळीकडे सारखी राहते. पण वाहन हे दर काही महिन्यांनी दुकानात परत येणारं यंत्र आहे, आणि डीलर नसला की त्या प्रत्येक फेरीचा भार कंपनीवर पडतो.

ओला इलेक्ट्रिकचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. कंपनीची स्वतःची दुकानं, डीलर नाहीत. विक्री झपाट्याने वाढली, सेवा केंद्रं त्या वेगाने वाढली नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वर्षभरात १०,६४४ तक्रारी आल्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस दिली. बहुतेक तक्रारी सोडवल्याचं कंपनीने कळवलं. त्याच डिसेंबरमध्ये तिने दुकानांची संख्या एकदम ४,००० वर नेली. २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या आरटीओंनी तपासणी केली तेव्हा अनेक दुकानांकडे ट्रेड सर्टिफिकेट, म्हणजे वाहन विक्रेत्याला लागणारा आरटीओचा परवानाच, नसल्याचं आढळलं आणि कारवाई सुरू झाली.

डीलर असता तर प्रत्येक ठिकाणी कागदपत्रं करून घेणारा, आरटीओत खेटे घालणारा आणि चिडलेल्या ग्राहकासमोर उभा राहणारा एक स्थानिक माणूस असता. तो काढून टाकायचा तर त्याची सगळी कामं कुणी तरी अंगावर घ्यायला हवीत.

टेस्लाने जुलै २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात दालन उघडलं, तेही कंपनीचंच. अमेरिकेत मात्र टेक्सासमध्ये, जिथे तिचं मुख्यालय आहे, तिथेच डीलरविषयक कायद्यामुळे तिला दालनातून थेट गाडी विकता येत नाही.

कंपनीच्या दुकानात स्वस्त मिळतं का?

सहसा नाही. तिथे ठरलेली किंमत, घासाघीस नाही. कार्डाची सूट आणि जुन्या फोनचा एक्सचेंज असतो, पण तेवढं क्रोमा, विजय सेल्स किंवा गावातल्या दुकानातही मिळतं. ओळखीचा दुकानदार कव्हर, चार्जर असं काही वर घालतो. कंपनीच्या दुकानात जायचं ते सगळी मॉडेलं हाताळून बघायला आणि दुरुस्तीला.

तिथे मराठीत बोललं तर चालतं का?

बिनधास्त बोला. वांद्रे-कुर्ला संकुलातलं दुकान उघडताना ॲपलने सांगितलं होतं की तिथले शंभरहून अधिक कर्मचारी मिळून २० पेक्षा जास्त भाषा बोलतात. मराठी बोलणारं कुणी हवं असेल तर दाराशीच सांगायचं, संकोच नको. यंत्राची तक्रार आपल्या भाषेत नीट सांगता येते, आणि नीट सांगितली तर दुरुस्तीही नीट होते. पाटीबद्दल तर कायदाच आहे: २०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या प्रत्येक दुकानावर देवनागरीत मराठी पाटी हवी, आणि तिची अक्षरं इतर भाषांपेक्षा लहान नकोत.

फोन दुसरीकडे घेतला असेल तर कंपनीच्या दुकानात दुरुस्त करून मिळतो का?

अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घेतला असेल तर वॉरंटी कंपनीचीच असते, त्यामुळे दुकान कुठलं याने फरक पडत नाही. ॲपलच्या दुकानात आधी वेळ घेऊन जा. फ्रँचायझी शोरूमची गोष्ट वेगळी. तिथे बहुतेक वेळा दुरुस्ती होत नाही, तुम्हाला सर्व्हिस सेंटरचा पत्ता देतात, आणि तो पत्ता शहराच्या दुसऱ्या टोकाला असतो. म्हणून खरेदीआधी एकच प्रश्न विचारा: बिघडला तर इथेच घेणार का?

मग विदर्भ-मराठवाड्यातल्या लहान शहरांत कंपन्यांनी दुकानं काढावीत का?

विक्रीची नकोत. सेवेची हवीत.

गडचिरोलीच्या माणसाला फोनची स्क्रीन अधिकृतपणे बदलायला नागपूर गाठावं लागत असेल तर त्याचा एक दिवसाचा रोज आणि एसटीचं भाडं गेलं, शिवाय पार्ट नसला तर दुसरी फेरी. तो जवळच्या टपरीवर नकली स्क्रीन लावून घेतो, आणि मग कंपनी म्हणते वॉरंटी संपली. यात त्या माणसाची चूक शोधणं मला अन्यायाचं वाटतं.

कंपनीला चाळीस लाखांचं भाडं परवडत असेल तर तालुक्याच्या एका विश्वासू दुकानात एक टेबल, एक शिकवलेला कारागीर आणि अस्सल पार्टचं एक कपाट ठेवणंही परवडेल. दुकान त्याच दुकानदाराचं राहू दे. त्याला प्रत्येक दुरुस्तीचे पैसे द्या, डेटा काढून देण्याचेही द्या, आणि ते महिन्याच्या आत द्या. असं काउंटर ज्या कंपनीचं असेल तिचा पुढचा फोनही त्या गावात खपेल, कारण गावात शब्द फिरतो तो दुरुस्ती कोण करून देतं याचा.

दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी दुकानदाराकडे. तक्रार कुठे करायची?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे उत्पादक आणि विक्रेता दोघांनाही जबाबदार धरता येतं, तेव्हा तक्रारीत दोघांची नावं घाला. सुरुवात १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनने करा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय मुंबईत असो की बंगळुरूत. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील असलाच पाहिजे असं नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. सोबत बिल, वॉरंटी कार्ड आणि सर्व्हिस सेंटरची प्रत्येक जॉबशीट, म्हणजे दुरुस्तीला दिल्याची पावती, जोडा. फोन जमा करताना जॉबशीटवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि तारीख-शिक्का असल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.